शून्य लिहिलं, पण शून्य नव्हतं

'मॅडम, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. वय ३६. गेल्या दिवाळीनंतर माझं सगळंच बिघडलं. झोप गेली, वर्गात उभं राहिलं की रडू यायचं. येळवशीला (वेळा अमावस्येला) सगळं घर शेतात गेलं आणि मी दार लावून पडून राहिले. शेवटी मैत्रिणीनं शहरातल्या एका समुपदेशक ताईंकडे नेलं. आता चार महिने झाले. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी सकाळची शाळा सुटली की जाते. नऊ भेटी झाल्या. दर वेळी आधी त्या नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. पहिल्यांदा १८ गुण आले होते. उतरत उतरत मे महिन्यात ११ वर आले. शाळा सुरू झाल्यापासूनच्या दोन भेटींत १३ आणि १२. आमचे हे म्हणतात, "फी द्यायची, एसटीचं भाडं द्यायचं, आणि आकडा तिथंच अडकलाय. फरक काय पडला?" माझ्याकडे उत्तर नाही. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मी कागदावर थोडं कमीच लिहिते. ताई इतक्या मायेनं विचारतात, त्यांना वाटू नये की आपले कष्ट वाया चाललेत. दोन लिहायचं तिथं एक लिहिते. शेवटच्या प्रश्नावर नेहमी शून्य लिहिते. दोनदा ते शून्य नव्हतं. मग अशा कागदाला अर्थ काय? मन काय काट्यावर मोजता येतं का?'

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य मी आधी घेते. 'दोनदा ते शून्य नव्हतं.' बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस आले, असं त्या कागदावरचा नववा प्रश्न विचारतो. तिथं एक लिहिलं की लगेच भरती करतील, शाळेत कळेल, घरात गोंधळ होईल, ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. प्रत्यक्षात समुपदेशक कागद बाजूला ठेवते आणि तुमच्याशी बोलायला लागते. विचार कधी येतो, किती वेळ राहतो, काही करायचं मनात ठरलं होतं का, त्या वेळी घरात कोण होतं, कशानं तो विचार मागे सरला. एवढ्या बोलण्यातच पुष्कळांचं ओझं हलकं होतं. तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुम्हाला दिलेला आहे. जिवाला खरोखर धोका दिसला तर घरातल्या कुणाला तरी सांगावं लागतं. चांगली समुपदेशक तेही तुम्हाला आधी सांगून आणि तुमचा भरवसा असलेल्या माणसालाच सांगते.

म्हणून शनिवारची वाट न बघता आज दोन गोष्टी करा. पेरणीचे दिवस आहेत, घरात फवारणीचं औषध आणून ठेवलेलं असेल. ते घरातून हलवायला लावा, नाहीतर कुलपात ठेवून किल्ली यजमानांकडे द्या. कारण सांगायला जड जात असेल तर 'लेकरं आहेत घरात' एवढं सांगितलं तरी चालेल. आणि १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा तो नंबर आहे. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो विचार पुन्हा आला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लावा, आणि घरातल्या एका माणसाला उठवा. कुणाची झोपमोड होईल म्हणून थांबू नका.

आता कमी लिहिण्याबद्दल. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. भागाकार शिकवून झाला की आपण विचारतो, 'समजलं का?' आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, 'होऽऽ बाई!' त्यातल्या निम्म्यांना समजलेलं नसतं. ती लेकरं खोटारडी नसतात. बाई एवढ्या घसा फोडून शिकवतायत, त्यांना वाईट वाटू नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. पण त्या 'हो'वर भरवसा ठेवून आपण पुढचा धडा घेतो आणि ज्याला समजलं नाही तो मागच्या बाकावर आणखी मागे पडतो. तुमच्या ताई गेले तीन महिने तुमच्या 'होऽऽ बाई'वर पुढचे धडे घेत आहेत.

मी हे सांगते कारण मी स्वतः यात चुकले आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक शेतकरी दादा यायचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. बोलायला गोड, वेळेवर हजर, एकदा येताना हुरडा घेऊन आले होते. दर भेटीत पहिलं वाक्य, 'बरं हाय मॅडम आता, लई फरक पडला.' मी कागदबिगद काही भरून घेत नव्हते. समोरच्या माणसाचा चेहरा वाचता येत नसेल तर कसली समुपदेशक, असा माझा समज होता. माझ्या वहीत प्रत्येक भेटीखाली 'सुधारणा' असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. दादांनी चार दिवसांपासून अन्न सोडलं होतं आणि ते कुणाशी बोलत नव्हते. जिल्हा रुग्णालयात भरती करावं लागलं, औषधं सुरू झाली, ते सावरले. पुढे एकदा मी विचारलं, 'दादा, मला का नाही सांगितलं?' ते म्हणाले, 'तुमी एवढं करायल्या, तुमाला कसं म्हणावं गुण येईना म्हणून?' ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

हे माझ्या एकटीचं अपयश नव्हतं हे मला नंतर वाचून कळलं. २००५ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातले ५५० लोक. यातल्या कुणाची तब्येत उपचारातून आणखी बिघडेल असं वाटतं, हे उपचार करणाऱ्यांनाच आधी विचारलं. त्यांनी ३ जणांची नावं दिली. शेवटी बिघडले ४०. जवळ बसून, डोळ्यांत बघून बोलणाऱ्या शिकलेल्या माणसांना ते दिसलं नाही. दर भेटीत भरलेल्या प्रश्नावलीचे आकडे मात्र त्यांतल्या बहुतेकांकडे आधीच बोट दाखवत होते. म्हणून तो कागद असतो. माया असलेल्या माणसालाही जे दिसत नाही ते त्याच्यासमोर यावं म्हणून. आणि तोच कागद तुम्ही मायेपोटी पुसून टाकताय.

तुमच्या ताईंना वाईट वाटेल का? थोडं वाटेल, माणूस आहेत. पण गुण येत नाही हे कळलं तर त्यांच्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे. पद्धत बदलता येते, पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला बोलावता येतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून औषधाचा विचार करता येतो. तुम्ही औषधाबद्दल काही लिहिलेलं नाही. सुरुवातीचे १८ गुण म्हणजे मध्यम ते तीव्र नैराश्याची पट्टी, तिथं औषधाची चर्चा व्हायलाच हवी. लातूरच्या, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. फी हीच अडचण असेल तर घरच्यांना तेही सांगा.

आता यजमानांचा प्रश्न. तो मला रास्त वाटतो. घरातला पैसा कुठं जातो आणि त्यातून काय येतं हे विचारणाऱ्या माणसाला 'तुम्हाला नाही कळायचं' असं म्हणून चालत नाही. ते सोयाबीन करत असतील तर त्यांना मोंढ्यातल्या आर्द्रतेच्या यंत्राची आठवण द्या. एकाच पोत्यातल्या दोन मुठी घेतल्या तर यंत्र एकदा १२ दाखवतं, एकदा १३. म्हणून पाच मिनिटांत सोयाबीन ओलं झालं असं कुणी म्हणत नाही. यंत्राचा आपला एक हेलकावा असतो. पण उन्हात वाळवण घातल्यावर तेच यंत्र १८ वरून ११ दाखवायला लागलं, तर तो हेलकावा नाही, माल वाळला.

तुमचा कागद तसाच वाचतात. त्याचं नाव पीएचक्यू-९. २००१ साली त्याच्याबद्दलचा अभ्यास छापून आला आणि आज तो जगभर वापरला जातो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, म्हणजे एकूण ० ते २७. पाच गुणांचा फरक पडला तर माणसाच्या जगण्यात जाणवण्यासारखं काही बदललं असं धरतात. एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर त्यावरून काहीच ठरवत नाहीत. म्हणजे ११, १३, १२ याला 'अडकलं' म्हणायचं कारण नाही. शिवाय ११ गुण मे महिन्यातले, सुट्टीतले. ज्या वर्गात उभं राहिलं की तुम्हाला रडू यायचं तो वर्ग तेव्हा बंद होता. १३ गुण शाळा उघडल्यावरचे. माझ्या दृष्टीनं त्या दोन गुणांत फार मोठी बातमी नाही, पण शाळेबद्दल विचारायला जागा नक्कीच आहे.

१९९१ साली जेकबसन आणि ट्रुअॅक्स या दोन संशोधकांनी याचाच नीट हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं असं, की सुधारणा म्हणायची तर दोन गोष्टी बघा. एक, बदल मोजमापाच्या हेलकाव्यापेक्षा मोठा आहे का. दोन, माणूस आजारी लोकांच्या घोळक्यातून निघून बऱ्या लोकांच्या घोळक्यात आला का. पीएचक्यू-९ वर ढोबळमानानं १० च्या खालचा आकडा हे त्या दुसऱ्या गोष्टीचं लक्षण. तुमचे कागदावर १८ वरून ११ पर्यंत उतरलेले सात गुण पहिल्या कसोटीला उतरतात, दुसरी अजून व्हायची आहे. पण हे सगळं आकडे खरे असतील तर. तुम्ही तीन-चार प्रश्नांवर एकेक गुण कमी लिहीत आला असाल, तर खरा आकडा आजही १५-१६ असू शकतो. म्हणजे 'फरक काय पडला' याचं उत्तर ना तुमच्याकडे आहे, ना यजमानांकडे, ना ताईंकडे. ते उत्तर कागदानं द्यायचं होतं, पण त्याला खरी माहितीच मिळाली नाही.

चार महिने फार झाले का, हाही प्रश्न त्यांच्या मनात असेल. १९८६ साली मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड यांनी जुने बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं. साधारण आठ भेटींपर्यंत निम्म्या लोकांत मोजता येण्यासारखी सुधारणा दिसली, आणि २६ भेटींपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांत. पण ही गावाची पैसेवारी झाली, म्हणजे सगळ्या गावाच्या पिकाचा सरासरी अंदाज. गावाची पैसेवारी ६० निघाली म्हणून तुमच्या शिवारातलं पीक ६० पैसे येतं का? कुणाचं ८० येतं, कुणाचं २० येतं. नऊ भेटींनंतर तुम्ही हिशेब मागताय ही वेळ अगदी योग्य आहे, एवढंच मी त्यावरून म्हणेन.

कागदाच्याही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. त्याची भाषा पुस्तकी आहे. एका आजींना मी विचारलं होतं, 'खिन्न, उदास वाटतं का?' त्यांनी मान हलवली, 'नाही.' मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, 'आजी, करमत नाही का?' तर पदर डोळ्याला लावून त्या किती तरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. 'डोस्कं भणाणतं', 'जीव घाबरा होतो', 'कशात जीव लागत नाही' याला त्या कागदावर रकाना नाही. आणि थकव्याचा प्रश्न घ्या. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईनं थकव्याला तीन गुण दिले, तर त्यातले किती नैराश्याचे आणि किती घागरींचे? म्हणून नुसती बेरीज बघू नका. नऊ ओळींपैकी कोणती हलली आणि कोणती चार महिन्यांत जागची हलली नाही, ते बघायला ताईंना सांगा. झोप सुधारली पण 'मी कामाची नाही' ही ओळ तशीच असेल, तर पुढचं बोलणं कशावर व्हायला हवं ते उघड आहे. आणि समासात तुमच्या शब्दांत लिहा. 'पाण्याचा दिवस होता', 'शाळेत तपासणी होती', जे असेल ते. कागदाच्या शेवटी, गुणांत न धरलेला आणखी एक प्रश्न असतो, या त्रासामुळं काम करणं, घर सांभाळणं, माणसांत वावरणं किती अवघड झालं? पुष्कळ जण तो सोडून देतात. तुम्ही सोडू नका, यजमानांना जो फरक बघायचा आहे तो तिथंच दिसेल.

मला तुमच्या पत्रात आणखी एक माप सापडलं, ते कुठल्याच कागदावर नाही. तुम्ही झोपेबद्दल अर्धी ओळ लिहिली, रडण्याबद्दल अर्धी ओळ, पण येळवशीचं एक आख्खं वाक्य लिहिलं. कडब्याची खोप, भज्जी, आंबील, सगळं गाव शिवारात, आणि तुम्ही दार लावून. ते तुम्हाला फार लागलेलं आहे. मग तेच मोजू या.

किरेसुक आणि शर्मन या दोन संशोधकांनी १९६८ साली एक पद्धत मांडली. माणसानं आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं आणि त्याच्या पाच पायऱ्या आपल्याच शब्दांत लिहायच्या, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. मधलं शून्य म्हणजे खरोखर होईल असं वाटतं ते. तुमच्यासाठी मी असं लिहून पाहिलं, तुम्ही बदला. उणे दोन: गेल्या वर्षीसारखं, घरात दार लावून. उणे एक: शेतात गेले, पण खोपीच्या मागं एकटी बसून राहिले. शून्य: सगळ्यांबरोबर पंगतीत जेवले, संध्याकाळपर्यंत थांबले. अधिक एक: आदल्या रात्री जावेबरोबर भज्जीची तयारी केली. अधिक दोन: शाळेतल्या मैत्रिणीला आपणहून शेतात जेवायला बोलावलं. येळवशीला अजून सहा महिने आहेत, तोवर याच पट्टीवर मधले प्रसंग बसवता येतील. पंचमीला माहेरी जाणं, पोळ्याला चार माणसांत उभं राहणं. वर्गाचीही अशीच एक पट्टी करा. उणे दोन काय ते तुम्ही मला लिहिलंच आहे. अधिक दोन काय असेल ते तुम्हालाच माहीत. ही पट्टी यजमानांना दाखवायला हरकत नाही. पीएचक्यूचे गुण त्यांना परके वाटतील, हे वाटणार नाही.

आणखी एक मागणी ताईंकडे करून बघा. भेट संपताना भरायची एक छोटी चिठ्ठी असते, दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेघा. आज माझं ऐकून घेतलं गेलं का, मला जे बोलायचं होतं ते बोलणं झालं का, ही पद्धत मला जमते का, आणि एकूण भेट कशी वाटली. प्रत्येक रेघेवर एक खूण करायची. ती एका मिनिटात भरून होते. ज्यांना तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही अशा तुमच्यामाझ्यासारख्या बायकांसाठी ती फार उपयोगाची आहे, कारण रेघेवर खूण थोडी डावीकडे करणं बोलण्याइतकं जड जात नाही.

येत्या भेटीत कागद खरा भरा. आकडा एकदम वर जाईल, १५ होईल, १७ होईल. घाबरू नका आणि ताईंनाही घाबरू देऊ नका, ते अचानक बिघडणं नव्हे. भरण्याआधीच सांगा, 'ताई, मी इतके दिवस कमी लिहीत होते, आज खरं लिहिते.' तोंडातून शब्द फुटले नाहीत तर हे छापलेलं उत्तर पर्समधून काढून त्यांच्यासमोर ठेवा. आणि नवव्या प्रश्नापर्यंत पोचायची वाट बघू नका. खुर्चीत बसल्या बसल्या, पाणी प्यायच्या आधी, त्याचं खरं उत्तर तोंडानं सांगा.